गुढीच्या काठीतली भाडेकरू

माझ्या धंद्यातला माणूस दारात आला की लोक आधी नाकाला रुमाल लावतात आणि मग चहा विचारतात. पेस्ट कंट्रोल. बिबवेवाडीत माझा एक लहानसा गाळा होता. बाहेर पाटी होती आणि पाटीवर उताणं पडलेलं झुरळ रंगवलेलं होतं. पोरं त्या झुरळाला बघायला थांबत, मोठी माणसं नजर वळवून पुढे जात. आता त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पाटी तेवढी मी घरी आणली. बायकोने ती हॉलमध्ये लावू दिली नाही, तेव्हा सध्या ती पलंगाखाली असते.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, धंद्यातलं काही लिहा. झुरळांवर लिहिलेलं चिवड्याबरोबर कोण वाचणार? म्हणून माश्यांवर लिहितोय.

त्याआधी धंद्याबद्दल थोडं सांगतो. बाहेरच्या माणसाला यातल्या दोनच गोष्टी ठाऊक असतात, फवारा आणि वास. खरं तर चांगल्या कामाला वास येत नाही. झुरळांसाठी कपाटाच्या बिजागरीपाशी मोहरीएवढे जेलचे ठिपके द्यायचे, वाळवीसाठी भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडायचं, ढेकणांसाठी पलंग उलटा करून त्याच्या सांध्यासांध्यात शिरायचं. पण गिऱ्हाइकाला वास आल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही. एका आजोबांनी विचारलं होतं, "अहो, आम्हाला काहीच कळलं नाही. नक्की मारलंत ना?" मी म्हटलं, "कळायला झुरळांना हवं." पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा मलाच बोलावलं. पुण्यात गिऱ्हाईक टिकवायचं तर एवढं तोंड असावंच लागतं.

थंडी ओसरली की फोनवरची भाषा बदलायची. "मधमाश्या झाल्यात, ताबडतोब या." मी बसल्या जागी विचारून घ्यायचो: पोळं दिसतंय का? घोळक्याने आहेत की एकेकटी येते? कुणाला चावली का? पोळं असेल तर ते माझं काम नव्हे. पोळं उतरवणारी माणसं वेगळी, त्यांचा नंबर देऊन मी मोकळा व्हायचो. पण कितीदा तरी उत्तर असं यायचं, की पोळं नाही, एकच आहे, चावली नाही, पण आमच्याकडे बघते.

आपल्याकडे बघणारी ही माशी शाळेच्या पुस्तकात नसते. तिथे राणी असते, कामकरी असतात, मध असतो. प्रत्यक्षात मधमाशीच्या कुळातल्या बहुतेक जातींना ना राणी, ना पोळं, ना मधाचा साठा. प्रत्येक मादी आपलं आपण बघते. कुठे मातीत, कुठे लाकडात, कुठे भिंतीच्या भोकात ती एक खोली करते. फुलांचे पराग आणि मकरंद मळून त्यात एक गोळा ठेवते, गोळ्यावर एक अंडं घालते, खोलीचं दार लिंपून टाकते आणि पुढची खोली करायला घेते. राखायला मध नाही, म्हणून अंगावर यायचं कारणही नाही. मुठीत धरलीत तर चावेल, पण मुठीत धरलं तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही चावतील.

या माश्यांना मराठीत धड नावंसुद्धा नाहीत. मोठी काळी असेल तर भुंगा, बाकी सगळ्या नुसत्या माश्या. मग मीच माझ्यापुरती नावं ठेवली. त्यातली एक शिंपीण.

शिंपिणीची ओळख बर्व्यांमुळे झाली. बर्वे म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, गच्चीत गुलाब लावणारे गृहस्थ. त्यांच्या गुलाबाची पानं कडेकडेने कापली जात होती, अगदी अर्धगोल, जणू वाटी ठेवून कात्री चालवावी. बर्व्यांचा संशय वरच्या मजल्यावर होता. त्यांनी जिन्यात पाटी लावली होती: 'गुलाबाची पाने कापणाऱ्याने एकदा समोर येऊन कापावीत. कात्री बोथट असल्यास आमच्याकडून धार लावून मिळेल.' वरच्यांनी उत्तरादाखल मला फोन केला. मी बर्व्यांबरोबर गच्चीत खुर्ची टाकून बसलो. थोड्या वेळाने एक करडी माशी आली, पानाच्या कडेवर बसली, स्वतःभोवती फिरत पान कापलं आणि तो तुकडा पोटाशी धरून उडून गेली. पिल्लांच्या खोल्यांना अस्तर लावायला तिला तो हवा असतो. दुसऱ्या दिवशी पाटीखाली एक ओळ वाढली होती: 'माशीस सूट आहे.' वरच्यांची माफी मात्र त्यांनी मागितल्याचं ऐकिवात नाही.

हीच शिंपीण मला पुन्हा भेटली ती बुधवार पेठेत, रफिकभाईंच्या दुकानात. ते जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. फळीवर ठेवलेल्या एका अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वायर खुपसायचं जे भोक असतं, त्यात या बाईने वरच्या मजल्यावरच्या बोगनवेलीची पानं गुंडाळून आपलं बिऱ्हाड मांडलं होतं. मी जरा हुशारी केली. ती बाहेर गेलेली पाहून अ‍ॅम्प्लिफायर उचलला आणि हातभर अंतरावरच्या फळीवर ठेवला, म्हटलं बघू. ती पान घेऊन परत आली आणि जिथे भोक होतं बरोबर त्या उंचीवर, रिकाम्या हवेत, तरंगत राहिली. मागे जायची, पुन्हा यायची, पुन्हा त्याच जागी. शेजारच्या फळीवरचं स्वतःचं घर तिला दिसेना. तिला घर ओळखू येत नाही, जागा ओळखू येते. शेवटी पान तिथेच टाकून ती गेली.

"पत्ता बदलला की साहेब तुम्ही तिचा," रफिकभाई म्हणाले आणि त्यांनीच अ‍ॅम्प्लिफायर उचलून पहिल्या जागी ठेवला. तासाभरात ती पुन्हा आली आणि सरळ आत शिरली. तिचं काम संपेपर्यंत तो अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त झाला नाही. रफिकभाईंनी गिऱ्हाइकाला काय सांगितलं कोण जाणे, पार्ट मिळत नाही म्हणाले असतील.

हे सगळं अशासाठी सांगतो, की ते ठाऊक नसतं तर वानखड्यांच्या घरी मी नेहमीचं काम करून आलो असतो.

फोन मुलाचा होता, प्रणवचा. "काका, अ‍ॅक्च्युअली आमच्या टेरेसमध्ये एक हेवी ब्लॅक बी आहे. आईवर अटॅक करतो."

मागून बाईंचा आवाज आला, "अटॅक काहून करन तो? उगाच काही सांगू नको."

सुलभाताई वानखडे मूळच्या अमरावतीकडच्या. पुण्यात संसार करून आता सगळी बोली पुण्याची झाली आहे, पण चिडल्या किंवा गहिवरल्या की वऱ्हाडी निघते. त्यांचे यजमान मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर दिवाणजी होते. ते वारले त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. फ्लॅट बिबवेवाडीतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला उघडं टेरेस, आणि टेरेससमोर थेट टेकडीचा उतार. त्या उतारावर कुणी कधी काही लावलं नाही, म्हणून तिथे सगळं होतं. पावसाळ्यात तेरडा आणि खुळखुळा, दिवाळीच्या सुमारास रानातली निळी कोरांटी, आणि बाराही महिने कमीअधिक फुललेला तरवड आणि रुई. आता तिथे फिरायला फरशीची वाट झाली आहे आणि दोन्ही कडांना कुंडीत शोभणारी झाडं लावली आहेत. ती छान दिसतात. त्यांच्यावर माशी बसत नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला खरं तर याचा आनंद व्हायला हवा, पण मी त्या वाटेने फिरायला जात नाही.

टेरेसच्या कोपऱ्यात पाइपाला एक लांब बांबू उभा बांधलेला होता. गुढीची काठी. फ्लॅट घेतला त्या वर्षी वानखड्यांनी ती बुरूड आळीतून आणली होती. बसमध्ये घेऊ देईनात, म्हणून खांद्यावर टाकून चालत. दर पाडव्याला ते तिला न्हाऊ घालत, तेल लावत, रस्त्याकडच्या खिडकीला गुढी उभारत आणि संध्याकाळी उतरवून पुन्हा याच पाइपाला बांधत. ते गेले त्या वर्षी घरात सण झाले नाहीत, गुढीही नाही. काठीला ना पाणी लागलं ना तेल. कोरडी पडली, कुणी हात लावेना. तेवढ्यात या काळ्या भुंगीने जागा हेरली. छातीइतक्या उंचीवर काठीला बोट जाईल एवढं गोल भोक होतं, गिरमिटाने पाडल्यासारखं साफ, आणि खाली फरशीवर भुश्याची लहानशी रास.

"भाऊ," सुलभाताई म्हणाल्या, "पाडव्याला गुढी याच काठीवर उभारायची आहे. हे काळं तेवढं काढा. पण काठीला औषध लावू नका, पूजेची आहे. भोक मोठं करू नका. आणि मारू पण नका, सणाच्या तोंडावर हत्या नको."

"ताई, मग मी नेमकं काय करू?"

"ते तुमाले माहीत."

असं गिऱ्हाईक मला मनापासून आवडतं. मी स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला मागवला, काठीला टेकवला आणि त्यांना कान लावायला सांगितलं. कान लावला तसे त्यांचे डोळे मोठे झाले.

"आतमध्ये कुणी खोबरं खवून राहिलं!"

तो आवाज भुंगी बांबू कोरत असल्याचा. मी त्यांना आतली रचना सांगितली. एकेक खोली, खोलीत परागाचा गोळा, गोळ्यावर अंडं, आणि चावून मऊ केलेल्या भुश्याची भिंत. शिंपिणीसारखंच, फक्त ही सुतारीण.

"आणि हा तोंडासमोर येऊन उभा राहतो तो?" प्रणवने दारातूनच विचारलं. तो टेरेसमध्ये येत नव्हता.

"तो नर. त्याला नांगीच नसते. नुसता दरारा. तो बाहेर घिरट्या घालतो आणि काही दिवसांनी दिसेनासा होतो."

"म्हणजे घर, खाणं, पिल्लं, सगळं ही एकटी करते," सुलभाताई म्हणाल्या.

"एकटी."

त्यांनी पेला पदराने पुसला आणि त्या प्रणववर खेकसल्या, की काकांना चहा ठेव, उभा काय राहिलास.

चहा होईपर्यंत मी त्यांना टेकडीवरचा तरवड दाखवला. भुंगी तिथूनच ये-जा करत होती. तरवडाचं फूल पिवळंधमक, पण त्याचे पराग असे वर पडलेले नसतात. ते बारीक शेंगांसारख्या पिशव्यांत बंद असतात आणि पिशवीच्या टोकाला सुईएवढं छिद्र असतं. लहानसहान माशीचं तिथे काही चालत नाही. भुंगी फुलाला घट्ट धरते, पंख न हलवता सगळं अंग थरथरवते आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग तिच्या अंगावर पडतात. त्या वेळी तिचा आवाजही बदलतो, उडतानाचा जाड सूर एकदम बारीक होतो. तीच पूड घेऊन ती पुढच्या फुलावर जाते, तेव्हा कुठे तरवडाला शेंगा धरतात.

"रोज ऐकते मी तो आवाज," सुलभाताई म्हणाल्या. "हे गेल्यापासून इथेच बसते ना. मला वाटलं तिला राग येतो."

चहा पिताना पर्याय निघाले. माझी नेहमीची रीत म्हणजे तिन्हीसांजेला भोकात भुकटी सोडायची आणि सकाळी लिंपून टाकायचं. ते बाद झालं. प्रणवने मोबाइल पुढे केला. "रेडीमेड गुढी मिळते ऑनलाइन, टेबलवर ठेवायची. सो क्यूट." त्याच्या आईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. राहिला मार्ग म्हणजे भुंगीला आतच राहू द्यायचं आणि काठी एका दिवसापुरती पुढच्या खिडकीला न्यायची. इथे मला रफिकभाईंची फळी आठवली. मी त्यांना तो प्रकार सांगितला. ही सकाळी तरवडावर जाईल, परत येईल तर कोपऱ्यात काठी नाही. दिवसभर हवेत शोधत बसेल, आणि तोवर उघड्या घरात मुंग्या शिरतील. शिवाय काठीला कढत पाण्याने न्हाऊ घातलंत तर आतली अंडी शिजतील.

"म्हणजे काठी हलवायची नाही."

"नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि आहे तिथेच गुढी उभारा."

"मागच्या बाजूला? टेकडीकडे तोंड करून?" त्या म्हणाल्या. "सगळ्या बिल्डिंगच्या गुढ्या रस्त्यावर आणि आमची लपवलेली?"

प्रणवला कंपनीचा फोन आला आणि तो आत गेला, तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. घरातल्या गोष्टी लोक पेस्ट कंट्रोलवाल्याला सांगतात, कारण त्याने आधीच त्यांच्या पलंगाखालचं पाहिलेलं असतं.

पाडव्याला त्यांची नणंद येणार होती, अमरावतीहून, पुष्पाताई. भावावर फार जीव. त्यांनी फोनवर ठरवून टाकलं होतं की नवी काठी आणायची, गुढी प्रणव उभारेल आणि वहिनींनी हात लावायचा नाही. तसं शास्त्र आहे.

"तांब्या ते ठेवायचे, गाठी मी बांधायची," सुलभाताई म्हणाल्या. "पहिल्या पाडव्यापासून. आता मी कोपऱ्यात उभी राहून नुसतं बघायचं? भाऊ, माणूस माझं गेलं. हात तर गेले नाहीत ना माझे?"

मी चहा संपवला. निघताना त्या म्हणाल्या, "पाडव्याला तुम्ही या. माशीचं काही झालं तर सांगायला जाणकार पाहिजे." मी म्हटलं, वॉरंटीत येतं ते. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपली गुढी लवकर उरका आणि जा. आणि तिथे शहाणपणा शिकवू नका."

पाडव्याला गेलो तर घरात श्रीखंडाचा वास आणि तणाव दोन्ही होते. पुष्पाताई उंच, सरळ बाई. डोळे भावाच्या फोटोकडे पुनःपुन्हा जात होते. नवी काठी त्यांनी आणवली नव्हती. टेरेसमध्ये येऊन जुनीवरून एकदा हात फिरवल्यावर त्यांचाच तो आग्रह सुटला असावा. गुढी मागे टेरेसमध्येच उभारायलाही सगळे तयार झाले होते, पण ती उभारणार प्रणवच, हे ठरल्याप्रमाणे होतं. गुढी सूर्योदयाला उभारायची असते. वानखड्यांकडे तोवर चहाच झाला नव्हता. सगळं ताट घेऊन आम्ही टेरेसमध्ये आलो तेव्हा उन्हाने अर्धी फरशी गाठली होती आणि भुंगी कधीच कामावर गेली होती.

काठी पुसून झाली. प्रणव नवा कुडता घालून, तांब्या घेऊन स्टुलावर चढला आणि नर हजर झाला. तो प्रणवच्या नाकासमोर येऊन थांबला.

"काका!"

"काही करत नाही. नांगी नाही त्याला."

"पण त्याला माहितीये का ते?" प्रणव म्हणाला आणि तांब्यासकट खाली उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही. पुष्पाताई पुढे झाल्या, तर त्या घोंगावण्याने दोन पावलं मागे सरून दाराच्या चौकटीला टेकल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच टेकडीकडे पाहू लागलो. बायकोने सांगितलेलं लक्षात होतं.

"व्हा बाजूला," सुलभाताई म्हणाल्या. "मले ओळखते ते."

पदर खोचून त्या स्टुलावर चढल्या. नर त्यांच्याही तोंडासमोर आला. "हो हो, दिसला तू," म्हणत त्यांनी त्याला माशी वारावी तसा हाताने वारला आणि काठीच्या टोकाला हिरवी जरीची साडी चुण्या करून बांधली. मग कडुलिंबाची डहाळी, झेंडूचा हार, साखरेची गाठी. गाठी अशी बसली की वाऱ्याने हललीसुद्धा नाही.

"वहिनी," पुष्पाताई दारातून म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, भीती होती. "असं नसते करत. बाहेरचे काय म्हणतीन?"

"बाहेर टेकडी आहे," सुलभाताई म्हणाल्या. "ती काय म्हणते?"

आणि त्यांनी प्रणवकडे हात पुढे केला. त्याने एकदा आत्याकडे पाहिलं आणि तांब्या आईच्या हातात दिला. तो त्यांनी काठीच्या टोकावर पालथा घातला, सारखा केला, खाली उतरल्या आणि दोन पावलं मागे येऊन वर पाहिलं. मग डोळ्यांना पदर लावला, तो आम्ही कुणी पाहिला नाही असं धरून चालू.

मी मात्र काठीकडे बघत होतो. साडीचा घोळ थेट भोकावर आला होता. आणि त्याच वेळी टेकडीच्या बाजूने तो जाड सूर ऐकू आला. भुंगी परत येत होती. तरवडावरून आलेली, काळ्या पाठीवर, मानेवर, पायांवर नुसती पिवळी पूड. ती आपल्या जागी आली, अगदी अचूक त्या उंचीवर, तर तिथे दाराऐवजी हिरवं रेशीम. ती मागे गेली. पुन्हा आली. कापडाला धडकली, त्यावर पिवळा ठिपका उमटला. पुन्हा मागे. प्रणव, पुष्पाताई, मी, सगळे जागच्या जागी. काय करायचं ते मला ठाऊक होतं, पण माझ्याआधीच सुलभाताई पुढे गेल्या. त्यांनी आपल्या खांद्यावरची पिन काढली, साडीच्या चुण्या एका बाजूला गोळा करून वर टाचल्या आणि हात तसाच काठीला लावून उभ्या राहिल्या. भुंगी त्यांच्या बोटांवरून वळसा घालून भोकाच्या तोंडाशी बसली. उन्हात ती आता काळी दिसतच नव्हती.

"पुष्पाताई, या इकडे, बघा," सुलभाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "एकटीच राहते ही. हळद माखून घरात निघाली. विचारा ना तिले, तुले चालते काहून म्हणून?"

भुंगी आत गेली. पुष्पाताई चौकटीपासून सुटून हळूहळू पुढे आल्या. भोकाकडे पाहिलं, भावाच्या काठीकडे पाहिलं, वर तांब्याकडे पाहिलं. मग ताटातला हळदीकुंकवाचा करंडा उचलला, उघडला आणि सुलभाताईंपुढे धरला.

"आधी काठीले लावा, वहिनी," त्या म्हणाल्या. "मग बघू."

सुलभाताईंनी काठीला हळदीचं बोट लावलं, मग कुंकवाचं. पुष्पाताईंनी करंडा मिटला नाही. तसाच उघडा हातात धरून, वहिनींच्या मोकळ्या कपाळाकडे बघत त्या उभ्या राहिल्या.